काशिनेतली छत्री: कोल्हापूरहून अकरा जण फ्लॉरेन्सला

आमच्या बुधवारच्या गाण्याच्या क्लासात चहाच्या वेळी एकदा विषय निघाला: राजाराम कॉलेजातले राजाराम नक्की कोणते? कुणी म्हणालं ताराराणींचे पती, कुणी म्हणालं शाहू महाराजांचे चिरंजीव. बाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "दोन्ही नव्हेत. हे मधले. विलायतेहून परत येताना इटलीत गेले. वय वर्षं वीस. फ्लॉरेन्समध्ये काशिने बागेत, नदीकाठी त्यांच्या स्मारकाची छत्री आहे."

चहा तसाच राहिला. कोल्हापूरच्या गादीवरचा एक मुलगा परमुलखात जातो, तिथल्या दोन नद्यांच्या संगमावर त्याला अग्नी देतात, आणि आपल्याला, इथं जन्म काढलेल्यांना, त्याचा पत्ता नाही. पेटी वाजवणारे काका म्हणाले, "मग जाऊया की ओ." त्या वाक्यापासून विमानात बसेपर्यंत दहा महिने गेले.

छत्रपती राजाराम महाराजांचं निधन 30 नोव्हेंबर 1870 चं. 2025 साली ती तारीख रविवारी येत होती. तारीख ठरली, बाकीचं तिच्याभोवती बसवलं.

तयारी

आम्ही अकरा जण, सात बायका आणि चार पुरुष. सगळ्यात लहान 48 चे, बाई 74 च्या. पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी पक्क्या केल्या आणि त्यांनीच आम्हाला तारलं. दिवसाला ठरलेल्या गोष्टी दोनच, एक सकाळी, एक दुपारनंतर. पैशाचा हिशोब एकाच्याच हातात, रोज रात्री वहीत लिहायचा. आणि प्रत्येकाने एका जागेचा अभ्यास करून ती बाकीच्यांना दाखवायची. गाइड आम्ही घेतलाच नाही. गणिताच्या निवृत्त सरांनी कॅथेड्रलचा घुमट घेतला, मी पुराच्या खुणा घेतल्या, पेटीवाल्या काकांनी वाद्यं घेतली, बाईंनी छत्री.

व्हिसाबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क 90 युरो, आणि किमान 30,000 युरोचा प्रवासविमा लागतो. ग्रुपने जाणार असाल तर सगळ्यांची विमानाची, राहण्याची आणि विम्याची कागदं एकाच तारखांची आहेत ना, हे एका माणसाने बसून ताडून बघावं. आमच्यातल्या एकीच्या विम्यात परतीचा दिवस धरलेलाच नव्हता, तो वेळेत सापडला.

नोव्हेंबर हा तिकडचा पावसाचा आणि गारठ्याचा महिना. पण गर्दी कमी, खोल्या स्वस्त. आम्ही आर्नो नदीपलीकडच्या ओल्त्रार्नो भागात, नन्स चालवतात त्या अतिथीगृहात राहिलो. मोठ्या ग्रुपला ही सोय उत्तम: स्वच्छ खोल्या, सकाळचा नाश्ता, शांतता. रात्री अकराला दार बंद होतं. आमच्या वयाला ते सोयीचंच होतं.

दिवस पहिला, गुरुवार 27 नोव्हेंबर

मुंबई ते रोम विमान, रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडी, दीड तास. प्रवासात सांगण्यासारखं एकच, आणि ते वाईट. रोमच्या विमानतळावर अकरा माणसं उतरली आणि नऊच बॅगा. राहिलेल्या दोनांतली एक बाईंची. तिच्यात त्यांचे स्वेटर होतेच, शिवाय एक भगवा फेटा आणि पंचगंगेच्या पाण्याने भरून, झाकणाला मेण लावून घेतलेली तांब्याची छोटी लोटी. पाणी हातातल्या पिशवीतून नेऊ देत नाहीत, म्हणून ती मोठ्या बॅगेत गेली होती.

काउंटरवरचा माणूस अर्ज पुढे करून म्हणाला, दोन-तीन दिवसांत येईल. बाई काही बोलल्या नाहीत. गाडीत बसल्यावर खिडकीकडे बघत एवढंच म्हणाल्या, "रविवारच्या आत यायला पाहिजे." (बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच लेखी तक्रार करून नंबर घ्यावा. बाहेर पडल्यावर तीच तक्रार करणं फार कठीण जातं. आणि जाताना दोघांचे कपडे दोन बॅगांत अर्धे-अर्धे विभागून भरावेत.)

स्टेशनाबाहेर आलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि उजेड चालला होता. नोव्हेंबरअखेर तिथं पावणेपाचच्या आधीच सूर्य मावळतो. बारीक पाऊस. जुन्या शहरात मोठ्या गाड्यांना मज्जाव आहे, त्यामुळे बॅगा ओढत निघालो. दगडी फरशीवरून बॅगांची चाकं खडखडत होती. एका अरुंद गल्लीतून वळलो आणि समोर एकदम कॅथेड्रलची भिंत आली. पांढरा, हिरवा, गुलाबी संगमरवर, पावसात भिजून चकाकणारा, आणि वर मान करून बघितलं तर शेवट दिसेना. अकरा माणसं बॅगा सोडून भर पावसात उभी. घाई कर असं कुणी कुणाला म्हटलं नाही.

रात्री जवळच्या खाणावळीत रिबोल्लिता घेतलं. शिळा पाव, पांढरे घेवड्याचे दाणे, काळसर पानांचा कोबी, गाजर, सगळं शिजवून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायचं. नावाचा अर्थच 'पुन्हा उकळलेलं'. पहिला घास घेतल्यावर दोघी एकदमच म्हणाल्या, "फोडणीची भाकरी!" रात्रीची भाकरी सकाळी कुस्करून खाणाऱ्या घरांतली माणसं आम्ही, आम्हाला ते परकं लागलंच नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र विचारून घ्यावं, काही ठिकाणी फोडणीला डुकराचं मांस घालतात.

तिथला पाव बिनमिठाचा असतो. तोस्काना या तिथल्या प्रांतात पिढ्यान् पिढ्या तसाच करतात. आम्ही शेंगदाण्याची चटणी काढली. वाढणाऱ्या बाईने चिमूटभर चाखली, डोळ्यांत पाणी आलं तरी हसत पुन्हा हात पुढे केला. चटणी, भडंग, मेतकूट खुशाल न्या. पेढे, तूप, खवा नेऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणू देत नाहीत.

दिवस दुसरा, शुक्रवार

घुमटाची वेळ सकाळी नऊची. हे तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं आणि आधी काढावंच लागतं. 463 पायऱ्या, लिफ्ट नाही, जिना जागोजागी खांदे घासतील इतका अरुंद. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी खालच्या संग्रहालयात थांबावं. तिथं गिबेर्ती या शिल्पकाराचे मूळ सोनेरी दरवाजे आहेत, ते बघायला तास कमी पडतो. आम्ही सात जण चढलो, चार खाली राहिले.

सरांनी हा विषय चार महिने वाचला होता. चर्च बांधून होत आलं तरी वरचं भोक झाकायचं कसं हे कुणाला ठाऊक नव्हतं. रुंदी सुमारे 45 मीटर. एवढ्या मापाला खालून लाकडी आधार उभा करायचा तर लाकूड आणायचं कुठून? ब्रुनेलेस्की नावाच्या माणसाने 1420 ते 1436 या सोळा वर्षांत घुमट त्या आधाराविना उभा केला. मुळात तो सोनार. "म्हणजे गुजरीतला माणूस," सर म्हणाले, आणि आम्हाला तो लगेच जवळचा वाटला.

घुमट दुहेरी आहे, एकात एक, आणि वर जायची वाट त्या दोन कवचांच्या मधून. सरांनी एका वळणावर मोबाइलचा दिवा भिंतीवर धरला. विटा आडव्या रचलेल्या, पण मध्येच ठरावीक अंतराने एक वीट उभी, मग पुन्हा आडव्या, पुन्हा उभी, आणि उभ्या विटांची ती रांग तिरकी वर चढत गेलेली. माशाच्या काट्यासारखी. ती उभी वीट ओल्या चुन्यातल्या आडव्या विटांना घसरू देत नाही, नवा थर सुकेपर्यंत धरून ठेवते. सरांनी विटेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही एक वीट समजायला मला चार महिने लागले. त्यानं ती कुणी न सांगता शोधली." त्यांचा आवाज बदलला होता. मागची माणसं थांबली होती, पण कुणी कुरकुरलं नाही.

विजापूरचा गोल घुमट आम्ही सगळ्यांनीच पाहिलाय, लहानपणी आत ओरडून प्रतिध्वनी ऐकलाय. तो एकसंध गोल, हा आठ कडांचा, लाल कौलांचा. वर पोचलो तेव्हा ढग जरा सरकले आणि सगळं शहर भाजलेल्या मातीच्या रंगाचं दिसलं.

दुपारी सांताम्ब्रोजोच्या बाजारात. बाहेर भाजी, आत मांस, चीज, डाळी. तिथल्या गाड्यावर लाम्प्रेदोत्तो मिळतं: गायीच्या चौथ्या पोटाचे तुकडे मसाल्याच्या पाण्यात शिजवून, चिरून, पावात घालून, वर हिरवी चटणी आणि तिखट. आमच्यातल्या दोन मामांनी वास घेतला आणि म्हणाले, "वजडी हाय ही!" एकाने सांगितलं की तिखट अजून घाला. गाडीवाल्याने घातलं. "अजून." त्याने बाटलीच हातात दिली आणि बाजूला उभा राहून बघत बसला. ज्यांना गोमांस चालत नाही त्यांनी लांबच राहावं, बाजूच्या गाड्यावर हरभऱ्याच्या पिठाची चेचिना मिळते. गरम, बाहेरून खरपूस, आपल्या पिठल्याच्या वड्या तव्यावर भाजाव्यात तशी. मी तीन खाल्ल्या.

कॉफी काउंटरवर उभं राहून प्यावी, सव्वा ते दीड युरो. बसलात की तीच दुप्पट-तिप्पट. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, जुन्या राजवाड्याच्या शेजारी सरकारी नळ आहे, साधं पाणीही देतो आणि बुडबुड्यांचंही.

संध्याकाळी टेकडीवरच्या सान मिन्यातो चर्चमध्ये गेलो. हजार वर्षं जुनी वास्तू, जमिनीवर संगमरवरात कोरलेलं राशिचक्र, त्यावर साल 1207. तळघरात भिक्षूंची सायंप्रार्थना चालते. सात-आठ माणसं, वाद्य नाही, एकाच सुरात लांबलांब ओळी. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "षड्ज सोडतच नाहीत. फिरून फिरून घरी येतात." खाली शहराचे दिवे लागले होते. विमान कंपनीला फोन केला, बॅगेचा पत्ता नव्हता.

दिवस तिसरा, शनिवार

सकाळी आकादेमिया हे कलासंग्रहालय. मायकेलँजेलोच्या डेव्हिडसमोर सगळे उभे राहतात तसे आम्हीही राहिलो. पाच मीटरच्या वर उंची, 1501 ते 1504 मधलं काम, आणि उजव्या हाताच्या फुगलेल्या शिरा. पण मला सांगायचंय ते शेजारच्या दालनाबद्दल, जिथं फारसं कुणी वळत नाही. तिथं मेदिची या इथल्या राज्यकर्त्या घराण्याची वाद्यं आहेत. पेटीवाल्या काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं: पियानो या शहरात जन्मला, 1700 च्या सुमारास, बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीच्या हातून. तो मेदिची राजपुत्राच्या वाद्यांची निगा राखायचा. तोवरच्या हार्पसिकॉर्डसारख्या पट्टीच्या वाद्यांत तार छेडली जायची, त्यामुळे बोट हळू ठेवा की जोरात, आवाज तोच. त्याने तारेवर हातोडी आणली आणि बोटाचं वजन सुरात उतरलं.

काका काचेजवळ वाकून क्रिस्तोफोरीच्या हातचं लंबगोल वाद्य बघत होते. त्यांच्या वडिलांचं पेट्या दुरुस्तीचं दुकान होतं. खिशातला हात बाहेर आला आणि काचेच्या अलीकडे, हवेतच, बोटं चालू लागली. रखवालदार बाई जवळ आल्या, आम्हाला वाटलं आता रागावणार. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि शेजारचं स्टूल पुढे सरकवलं.

दुपारी सांता क्रोचे चर्च, माझा विषय. मायकेलँजेलो, गॅलिलिओ, मॅकियाव्हेली इथं पुरलेत. दांतेचं स्मारक आहे पण ते रिकामं, तो राव्हेन्नात. मी मात्र सगळ्यांना आधी बाहेरच्या गल्ल्यांत नेलं आणि भिंतीवरच्या पाट्या दाखवल्या. 4 नोव्हेंबर 1966, आर्नोचं पाणी इथपर्यंत आलं होतं. खाली एक रेघ. रेघ आमच्या डोक्याच्या कितीतरी वर.

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 43. आमच्यातल्या तिघांची घरं पाण्यात होती. एका वहिनींच्या दिवाणखान्यात अजून भिंतीवर ती पिवळी रेघ आहे, रंग दिला तरी वर येते. वहिनी त्या पाटीसमोर उभ्या राहिल्या, हात वर केला, पुरला नाही. "मच्छिंद्रीच झाली की शहराची," त्या म्हणाल्या. शिवाजी पुलावरच्या माशांच्या आकृत्यांना पाणी लागलं की कोल्हापुरात हा शब्द निघतो, आणि आम्हाला त्या क्षणी दुसरा शब्द नव्हता.

आत चिमाबुए या जुन्या चित्रकाराचा मोठा लाकडी क्रूस आहे. त्या पुरात त्याचा बराचसा रंग वाहून गेला. दुरुस्त करताना गेलेला भाग रंगवून खोटा भरला नाही, बारीक रेघांच्या मिश्र रंगाने नुसता शांत केला. काय गेलं ते दिसतं. व्हासारी या चित्रकाराचं 'शेवटचं भोजन' तर पन्नास वर्षं दुरुस्तीच्या प्रतीक्षेत होतं. 2016 साली, त्याच 4 नोव्हेंबरला, ते परत लावलं, आणि आता पाणी चढायला लागलं तर चित्र वर ओढून घ्यायची यंत्रणा त्याला बसवली आहे. वहिनी त्या दोऱ्यांकडे चित्रापेक्षा जास्त वेळ बघत होत्या. चिखलातून पुस्तकं आणि चित्रं काढायला तेव्हा देशोदेशींची तरुण पोरं आली होती, त्यांना शहर अजून 'चिखलातले देवदूत' म्हणतं. आमच्याकडेही चिखल उपसायला परगावची पोरं आली होती. त्यांची नावं आम्ही विचारली नव्हती, हे मला तिथं उभं राहून लागलं.

चर्चच्याच मागे चामड्याची शाळा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ मुलांना हाताला धंदा मिळावा म्हणून फ्रान्सिस्कन साधूंनी आणि इथल्या दोन कारागीर कुटुंबांनी ती 1950 साली काढली. एक बाई पाकिटाची कड हाताने शिवत होत्या, दोन सुया, एकच दोरा, दोन्हीकडून. तोस्कानातलं नामांकित चामडं झाडांच्या सालीच्या अर्कात कमावतात. आपली कोल्हापुरीही बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखीच चप्पल दिसली आणि आपल्याकडे केवढा संताप झाला, तो रास्तच होता. पण ह्या बाईंचा हात बघताना मला कोल्हापूरच्या सुभाषनगरातले चप्पल शिवणारे हात आठवले. त्या दोघांना समोरासमोर बसवलं तर भाषेची गरज पडणार नाही. आपल्या कारागिरांच्या पोरांसाठी अशी एक शाळा शहराच्या मधोमध असायला हवी, मनापासून वाटतं.

रात्री साडेदहाला अतिथीगृहाची घंटा वाजली. बॅगा आल्या होत्या. बाईंनी जिन्यातच बॅग उघडली. लोटी कपड्यांत गुंडाळलेली, मेण शाबूत.

दिवस चौथा, रविवार 30 नोव्हेंबर

मिलानला शिकायला आलेली एका मामांची भाची पहाटेच्या गाडीने येऊन पोचली. वय बावीस. दुभाषी म्हणून तीच आमची मदार.

स्टेशनाजवळून टी-1 ट्राम, तिकीट 1.70 युरो, दीड तास चालतं. 'काशिने' थांब्यावर उतरायचं. ही नदीकाठची लांबलचक बाग. नावाचा मूळ अर्थ गोठे, मेदिचींची गुरं इथं असायची. पण थांब्याचं नाव ट्राममध्ये पुकारलं तेव्हा मावशी एकदम म्हणाल्या, "काशी म्हणाली का ती?" आणि मग दिवसभर आमच्यासाठी ती काशीच राहिली.

थांब्यापासून छत्री बागेच्या पार पश्चिम टोकाला, अडीच-तीन किलोमीटर. सरळ सपाट रस्ता आहे, पण ज्यांना जमणार नाही त्यांनी टॅक्सी करावी. बाई म्हणाल्या चालणार. रात्रीचा पाऊस थांबला होता, पानं ओली, डावीकडे आर्नो गढूळ आणि भरलेली. सायकलवाले, धावणारे, कुत्री फिरवणारे. तासभर लागला. मग झाडी संपली आणि समोर मोकळ्यात ती दिसली.

चार खांबांवरचं छत, नक्षी आपल्याकडची. खाली अर्धपुतळा, रंगवलेला. पांढऱ्या मूर्ती बघून बघून चार दिवसांनी तो रंग एकदम अंगावर येतो: सावळा चेहरा, डोक्यावर पगडी, गळ्यात माळा. चेहरा कोवळा. भोवती कुंपण, चौथऱ्याच्या चार बाजूंना चार भाषांतले लेख. इंग्रजी लेखात सांगितलंय की कोल्हापूरचे महाराज इंग्लंडहून हिंदुस्थानात परतताना वयाच्या एकविसाव्या वर्षी इथं वारले.

बाईंनी उभ्या उभ्या सांगितलं, कागद न काढता. 1866 साली गादीवर आले. 1870 साली विलायतेला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले. रोजनिशी इंग्रजीत लिहीत होते, ती मागाहून कॅप्टन वेस्ट यांनी 1872 साली छापून आणली. परतीच्या वाटेवर प्रकृती बिघडली. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. दहनाची इथं रीत नव्हती, खास परवानगी काढावी लागली. दोन नद्या मिळतात अशी जागा हवी होती, म्हणून आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर, रात्री, अग्नी दिला. रक्षा आर्नोत सोडली. 1874 साली हे स्मारक उभं राहिलं. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा आणि छत्री मेजर मँट यांची. आपला टाउन हॉल आणि न्यू पॅलेस ज्यांनी आखला, तेच मँट. "पोटी मूल नव्हतं," बाई म्हणाल्या. "मग दत्तक, मग पुन्हा दत्तक. 1884 साली दत्तक आले ते शाहू महाराज."

भाची पुतळ्याकडे बघत होती. "म्हणजे माझ्यापेक्षा लहान," ती म्हणाली. तिच्या मामाने तिच्या खांद्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

फेटा कुंपणाच्या अलीकडे, एका ताटलीत ठेवला. आदल्या दिवशी बाजारातून घेतलेली पिवळी शेवंती. इटलीत शेवंती मृतांनाच वाहतात, विकणाऱ्या बाईने काळजीने विचारलं होतं की कुणाच्या घरी नेताय का. आम्ही म्हटलं, बरोबर ठिकाणीच नेतोय. मग बाईंनी अभंग धरला. टाळ नाहीत, पेटी नाही, काकांनी मांडीवर ठेका धरला. उघड्यावर, थंडीत, अकरा-बारा आवाज. माझा आवाज दुसऱ्या कडव्यात गेला, शेजारचीने उचलून धरला.

संपलं तेव्हा सायकल हातात धरून एक म्हातारे गृहस्थ उभे होते, टोपी काढलेली. भाचीकडून कळलं, ते जन्मल्यापासून पलीकडच्या काठावर राहतात. लहानपणी सायकल शिकले ती इथंच. इथले सगळे या जागेला 'इंदियानो', म्हणजे हिंदुस्थानी, म्हणतात. शेजारचा तारांचा मोठा पूलही 'इंदियानो'च, तो 1978 साली पुरा झाला. "रोज म्हणतो, इंदियानोपाशी भेटू, इंदियानोवरून जा. पण त्याच्यासाठी गाणारं कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, आजचीच तारीख का? बाईंनी सांगितलं. ते थोडे थांबले. आज तोस्काना प्रांताचाही दिवस आहे, म्हणाले. 30 नोव्हेंबर 1786 ला इथल्या ड्यूकने फाशीची शिक्षा रद्द केली, जगात असा कायदा पहिल्यांदा झाला तो इथं. आम्हाला कुणालाच हे ठाऊक नव्हतं. दहा महिने तयारी करूनही.

संगम छत्रीपासून हाकेच्या अंतरावर. मुन्योने म्हणजे ओढाच, आर्नोत गुपचूप शिरणारा. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीच्या संगमावर जसं पाणी पाण्यात मिसळताना रंगाची एक कड दिसते, तशी इथंही दिसत होती. काठ ओला, घसरडा. दोघांनी बाईंना दोन्ही बाजूंनी धरलं. त्यांनी मेण नखाने खरवडून काढलं, लोटी उपडी केली. घोटभर पाणी, पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. त्या लोटीत त्यांनी आर्नोचं पाणी घेतलं नाही. कुणीतरी विचारलं तर म्हणाल्या, "आणायला नव्हते आले. द्यायला आले होते."

दिवस पाचवा, सोमवार

सोमवारी उफिझी हे चित्रसंग्रहालय आणि आकादेमिया दोन्ही बंद असतात, बेत करताना हे आधी बघा. आम्ही गॅलिलिओच्या वस्तूंच्या संग्रहालयात गेलो. त्याच्या दुर्बिणी आहेत आणि काचेच्या कुपीत त्याचं बोटही. दुपार मोकळी ठेवली. असा एक अर्धा दिवस अकरा जणांच्या ग्रुपला हवाच, माणसं आपापली हरवून येतात आणि संध्याकाळी बोलायला काहीतरी घेऊन येतात. मावशींना एका दुकानात चेस्टनटच्या पिठाचा काळपट केक सापडला, साखर न घालता केलेला, वर रोजमेरी. सगळ्यांसाठी बांधून आणला होता.

दिवस सहावा, मंगळवार

सकाळी सव्वाआठला उफिझी. 'उफिझी' म्हणजे कचेऱ्या, व्हासारीने 1560 साली सरकारी कामासाठी बांधायला घेतलेली इमारत. सगळं बघायच्या भानगडीत पडू नये. आम्ही वरचा मजला घेतला, बोत्तिचेल्लीच्या दालनात बाक मिळाला तिथं बसलो. समोर शिंपल्यावरची व्हीनस, आणि सकाळची वेळ म्हणून मोजकी माणसं.

नदीच्या बाजूच्या वऱ्हांड्यात मोठ्या खिडक्या आहेत. तिथून खाली आर्नो, दुकानांचा जुना पूल, आणि पुलाखालून पश्चिमेकडे जाणारं पाणी. बाई काचेला टेकून उभ्या होत्या.

"हे आपल्या छत्रीकडंच जातंय न्हवं?"

"हो बाई. चार-पाच किलोमीटर."

सरांनी घड्याळ दाखवलं, रोमची गाडी दीडची होती. बाई म्हणाल्या, पाच मिनिटं. आम्ही सगळेच खिडकीशी आलो.